खर्डेकरांची मुकी बंदूक

"आन् एवढ्या बंदुका घेऊन करतोस काय?"

फकिराने विचारलं, तेव्हा रणधीरराव खर्डेकर नुकते कुठे रंगात आले होते. चापाखालचा दांडा, म्हणजे लिव्हर, ओढून गोळी भरायच्या जुन्या शिकारी रायफली हा त्यांचा जीव की प्राण. त्यांचा विषय निघाला की समोर कोण बसलंय हे त्यांना दिसत नसे.

"जमवतो," ते म्हणाले.

"ते कळलं. करतोस काय?"

"पुसतो. तेल देतो... बघत बसतो."

"शिकार?"

"छे! कायदा आहे. आणि मला जनावर मारायची हौसही नाही."

"मग माझ्या शेळीसारखंच की. तिला बी मी पुसतो, बघत बसतो. पर ती दूध देती."

रणधीरराव कसनुसं हसले.

घाटमाथ्यावरच्या खिंडीत हसनशा फकिराचा हा तकिया. दोन खोल्या, एक ओटा, ओट्यासमोर उंबराचं झाड. उंबराला एक भला मोठा तराजू टांगलेला. नवस फेडायला लोक तिथे पोरांना पारड्यात बसवून त्यांची गुळाने तुला करत आणि तो गूळ खालच्या वाडीतल्या मुलांना वाटत. आज एका पारड्यात दगड रचलेले होते आणि दुसरं रिकामं वर लटकत होतं. पलीकडे उतारभर दाट कारवी.

रणधीरराव लहानपणी इथे येत. वडील, आबासाहेब, आणत. नंतर कधी फिरकले नव्हते.

"आबासाहेबांची रायफल तुमच्याकडे आहे," ते म्हणाले. "जुन्या ड्रायव्हरने सांगितलं."

"हाय."

"मला ती हवी."

"तुझ्याकडं ढीग हायत."

"ही मुकी आहे. म्हणून हवी."

फकिराने मान हलवली. म्हणजे बोल.

रणधीरराव बोलले. न बोलून करतात काय, सगळ्या तालुक्याला पाठ असलेली गोष्ट. आबासाहेब खर्डेकर म्हणजे नावाजलेले नेमबाज. एकदा याच उतारावर रानडुकरावर त्यांनी पहिली गोळी झाडली, ती हुकली. दुसरी झाडायला गेले, तर बंदूक चाललीच नाही. डुक्कर गेलं. त्या दिवसापासून आबासाहेबांनी शिकार सोडली आणि ती बंदूकही पुन्हा कुणाला दिसली नाही. पुढे कितीतरी वर्षं लग्नाच्या पंगतीत जुने सोबती हाका मारून विचारायचे, "काय आबासाहेब, तुमची मुकी बोलली का?" आबासाहेब हसून पुढे वाढा म्हणायचे. हसायचे ते, आणि जळायचा मुलगा.

"माझ्या संग्रहात बिघडलेली बंदूक नाही," रणधीरराव म्हणाले. "एकही नाही. हिला मी दुरुस्त करणार. त्या म्हाताऱ्यांतले जे उरलेत त्यांना बोलावणार आणि त्यांच्यासमोर एक बार काढणार. आबासाहेबांच्या नावावरचा डाग गेला पाहिजे."

"डाग हाय, असं ते म्हणले व्हते?"

"ते काय म्हणणार? आम्ही बोलत होतो कुठे?"

हे मात्र त्यांच्या तोंडून जरा हळू आलं.

पहिली रायफल विकत घेतली तेव्हा रणधीररावांनी ती मोठ्या हौसेने वडिलांना दाखवायला नेली होती. आबासाहेबांनी हात लावला नाही. लांबूनच म्हणाले, "एखादी न उडणारी मिळाली तर बघ." मुलाला वाटलं, थट्टा केली. ती थट्टा मनात घर करून राहिली. बंदुकांची खोली भरत गेली, आबासाहेबांनी तिचा उंबरा ओलांडला नाही. जेवलास का, जेवलो, एवढंच बोलणं उरलं. गेल्या दिवाळीत आबासाहेब गेले आणि तेवढंही संपलं.

फकीर उठला. आतून हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला आणि रणधीररावांच्या मांडीवर ठेवलं.

कापड सुटलं... आणि रणधीरराव सगळं विसरले.

अक्रोडाचा दस्ता, हाताळून हाताळून मऊ झालेला. आठ पैलूंची नळी. पोलादावरची जुनी निळी झाक अजून कडांना धरून होती. एवढी देखणी रायफल त्यांच्या सबंध खोलीत नव्हती. आणि दस्त्याला एक हार गुंडाळलेला होता, झेंडूचा, वाळून चुरा झालेला.

"हार कुणी घातला?"

"जेची बंदूक, तेनं."

"आबासाहेब इथे यायचे?"

"दर साली. औंदा न्हाई आले."

रणधीरराव हाराकडे बघत राहिले. बंदुकीवर एवढा राग असलेला माणूस बंदुकीला हार घालतो? त्यांना काही उमगेना.

"बघ की," फकीर म्हणाला. "काय बिघडलंय बघ. तू जाणता हायस."

हे काम रणधीररावांच्या आवडीचं. आधी लिव्हर उघडून आत नीट पाहिलं, बोट घालून चाचपलं. रिकामी. मग त्यांनी लिव्हर पुरती खाली ओढली आणि वर घेतली. लोण्यातून सुरी फिरावी तशी ती फिरली. पुन्हा फिरवली. घोडा ताणला गेला, कमान ताठ, सगळं जिथल्या तिथे.

"हिला काहीच झालेलं नाही," ते नवलाने म्हणाले.

"चाप वढून बघ."

त्यांनी दस्ता खांद्याला लावला. समोरच्या कारवीत काहीतरी हललं, तिकडेच नळी धरली आणि चाप ओढला.

खट्.

कारवी बाजूला झाली आणि फकिराची शेळी पाला चघळत बाहेर आली.

रणधीरराव खो खो हसले. "बाबा, आत गोळी असती तर तुमचं दूध बंद झालं असतं!"

फकीर हसला नाही.

"त्या दिशी शेळी नव्हती," तो म्हणाला.

"मग? डुक्कर तर निघून गेलं होतं..."

फकिराने बसल्या जागेवरून हात पुढे केला. तळवा जमिनीकडे धरला, ओट्यापेक्षा थोडा वर.

"एवढं व्हतं," तो म्हणाला.

...

शेळी ओट्यापर्यंत आली, रणधीररावांच्या बुटाचा वास घेऊन परत गेली.

रणधीररावांना कारवी आठवली. आबासाहेबांनी घरी थांब म्हणून सांगितलं होतं आणि आपण चोरून मागोमाग आलो होतो. कारवीत वाट चुकली. डोक्यावरून पानं, दुसरं काही दिसत नाही. कुठेतरी मोठा आवाज झाला. मग आपण पानं बाजूला करून बाहेर आलो तर समोर आबासाहेब.

"त्यांनी मला उचललं होतं," ते म्हणाले. "घर येईपर्यंत खाली ठेवलंच नाही. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं... रागावलेत."

"हितं थांबले व्हते मधी. पाणी प्याले. तू खांद्यावर झोपलेला."

"पण बंदूक चांगली होती, मग चालली कशी नाही?"

हे विचारता विचारताच त्यांचा हात लिव्हरकडे गेला, आणि उत्तर हातालाच सापडलं. घाईत लिव्हर पुरती खाली ओढली नाही, अर्ध्यातूनच वर घेतली, तर नवी गोळी नळीत येत नाही. ठोका देणारा घोडा मात्र ताणला जातो. चाप ओढला की नुसता खट्. नवशिक्यांची चूक. बंदूक हातात देताना पहिल्याच दिवशी ती टाळायला शिकवतात.

"आबासाहेबांच्या हातून... अर्धा झटका?"

"येकदाच. जन्मात येकदाच."

रणधीररावांनी रायफल मांडीवर आडवी ठेवली. बाप होण्याआधी त्यांना यातलं काही कळलं नसतं, आता कळत होतं. कारवीतून मूल बाहेर येताना पाहणाऱ्या माणसाचं काय झालं असेल, हे कळत होतं. आणि दुसरंही कळत होतं. शाळा, लग्न, दोन मुली, पहाटेचा चहा, ही बंदुकांची खोली, तिच्यापायी धरलेला अबोला. सगळं त्या एका खट्च्या नंतरचं. सगळं मिळालेलं, आणि आपण एकदाही कुणाला बरं झालं म्हटलेलं नाही.

"मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"मी बी हेच म्हणलो. तर म्हणले, पोरगं मग जन्मभर माझ्या हाताकडं बघत बसंल. मी असेतो सांगू नका." फकीर थांबला. "आता न्हाईत ते."

रणधीररावांनी वाकून दस्त्याला कपाळ लावलं. वाळलेल्या झेंडूचा चुरा कपाळाला चिकटला. ते रडत होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. बरं झालं, आबासाहेब. बरं झालं तुम्ही चुकलात.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. समोर तराजू होता.

"ती माझी तुला..." ते म्हणाले. "आई सांगायची, मला गोवर आला होता, त्याचा नवस."

"कशाचा गोवर! बंदूक हितं ठिवली, त्या सालापास्नं तुझी तुला. मिसरूड फुटलं आन् तू बसंनास. लाज वाटाय लागली तुला."

"माझे सोबती हसायचे..."

"व्हय. मग ते येकटेच यायचे, गुळाच्या ढेपा घेऊन."

"मी नसताना तुला कशी करायचे?"

फकिराने पारड्यातल्या दगडांकडे बोट दाखवलं.

रणधीररावांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते उठले, पारड्यापाशी गेले. उतारावरचे साधे काळे दगड होते, लहान मोठे, नीट रचलेले. सगळ्यांत वरचा मात्र हाताएवढा, बाकीच्यांपेक्षा नवा.

"हे... मी?"

"तू. अंदाजानं. हितं बसून इचार करायचे, औंदा पोराचं पोट सुटलंय, आणखी येक ठिवा. गेल्या साली तर म्हणले, दोन महिने झाले, समोर येऊन बसला न्हाई. वाळलाय का सुटलाय, कोण जाणे. जरा जास्तच धरा."

तो वरचा दगड रणधीररावांनी हातात घेतला. बराच वेळ तो हातातच राहिला.

"काढ सगळं," फकीर म्हणाला. "आन् बस."

पन्नाशी उलटलेले, इस्त्रीची पँट घातलेले रणधीरराव खर्डेकर एकेक दगड काढून खाली ठेवू लागले. मग ते पारड्यात मांडी घालून बसले. साखळ्या कुरकुरल्या. या वेळी त्यांना लाज वाटली नाही.

फकीर आत गेला. दिवळीतून काहीतरी मुठीत घेऊन आला आणि समोरच्या रिकाम्या पारड्यात टाकलं. टण् आवाज झाला. पितळेचं काडतूस, काळवंडलेलं. त्या दिवशी नळीपर्यंत न पोचलेलं.

पारडं तसूभरही हललं नाही.

"काहीच फरक नाही," रणधीरराव म्हणाले.

"त्या दिशी पडला असता."

वारा आला. कारवी सगळीकडून हलली.

रणधीररावांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी दोन्ही हातांनी साखळ्या घट्ट धरल्या. "बाबा," ते म्हणाले, "ही रायफल मला नको. ही इथेच बरी. हार मी आणत जाईन. आणि माझ्या त्या सगळ्या बंदुका... आजच्या आज घेऊन येतो. एकूण एक. त्या पारड्यात टाकतो, माझ्या वजनाला कमी पडायच्या नाहीत. जन्मभर जमवल्यात. माझ्याकडे द्यायला त्यांच्याहून मोठं काही नाही."

ते मनापासून बोलत होते. एवढं मनापासून ते बंदुकांबद्दलही कधी बोलले नव्हते.

फकिराने पारड्यातलं काडतूस उचललं आणि सदऱ्याला पुसलं. मग खालच्या वाडीकडे पाहिलं. तिकडून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"पोरं लोखंड खात न्हाईत रं," तो म्हणाला. "गूळ आण."

"किती आणू?"

फकिराने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. डोक्यापासून मांडीपर्यंत.

"जरा जास्तच धर."