तरवडीला निघायला सांगणारे गाव

वाळखेड्याला आलेला पाहुणा नदीवर जातो आणि घाट शोधतो. घाट नाही. काठावर देऊळ नाही, पायऱ्या नाहीत आणि त्यामुळे पायऱ्यांवर कोणा दानशूराचे नावही नाही. तरवडी नदी पावसाळ्यात दोन्ही काठ खाते, हिवाळ्यात अंग चोरू लागते आणि उन्हाळ्यात वाळूखाली जाऊन निजते. तेव्हा वाळूत हातभर झिरा खणला की तिचे पाणी हाती लागते. पूर आला की शेजारची गावे खणानारळाने तिची ओटी भरतात. वाळखेड्याचे लोक घरी बसतात. देवदिवाळीला मात्र भोईवाड्यातली सगळ्यांत थोरली बाई पाण्यात उतरते आणि नदीला निघून जायला सांगते.

हे काय प्रकरण आहे असे विचारले, की भोईवाड्यातले सोनबाआजा पाहुण्याला सावलीत बसवतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, गावावर रंगराव देशमुखांचा अंमल होता. त्यांनी वाड्याच्या नदीकडच्या अंगाला सज्जा बांधला. सज्जात बसून भरली नदी पाहावी, पान खावे आणि कारभार केल्याचे समाधान मिळवावे, असा बेत होता. पावसाळाभर तो उत्तम चालला. पण मार्गशीर्षात पाणी ओसरे, वाळू उघडी पडे आणि तिच्यावर भोई उतरत. गावातल्या इतरांना शेते होती, भोयांना नदीचे पात्र होते. ते वाळूत चर खणत, शेणखत भरत, टरबुजाचे वेल लावत आणि चैत्र-वैशाखात निघालेल्या मालावर वर्ष काढत. सज्जातून एवढेच दिसे: खत, खोपटी आणि वाळत घातलेली लुगडी. शोभा गेली.

देशमुखांनी अनुष्ठान मांडले. पुष्कळ तूप जळले, पुष्कळ ब्राह्मण जेवले आणि नदी प्रसन्न झाली. ‘बारा महिने काठोकाठ वाहीन,’ असे तिने वचन देऊन टाकले. प्रसन्न होण्याआधी चौकशी करण्याची सवय देवांना नसते. गावात साखर वाटली गेली.

ठकूबाई भोईण साखर घ्यायला गेली नाही. ती विधवा होती, पदरात दोन लहान मुली होत्या आणि घरात एका मडक्यात टरबुजाचे बी होते. देवदिवाळी आली. पाणी बोटभरही उतरले नव्हते. ठकूबाईने नेहमीप्रमाणे सगळे बी भिजवले, ओल्या फडक्यात बांधले आणि मोड यायला ऊब हवी म्हणून ती पुरचुंडी पोटाशी खोचली. ते पाहून जाऊ चंद्रा ओरडलीच.

“अगं, वाळू कुठाय पेरायला? डोकं फिरलं का तुझं?”

“दर साली भिजवते.”

“दर साली नदी उतरते!”

“तिनं रीत सोडली म्हणून मी माझी सोडू?”

बोलताना हे फार बरे वाटले. पण तिसऱ्या दिवशी फडके सोडले तर आत पांढरे मोड. मोड आलेले बी मडक्यात परत जात नाही; वाळू मिळाली तर वेल, नाही तर कुजका लगदा. घरात दुसरे बी नव्हते. आपण काय करून बसलो हे तेव्हा ठकूबाईला कळले. मग तिने मुलींना जावेकडे ठेवले, पुरचुंडी डोक्याला बांधली आणि नदीत शिरली.

पात्राच्या मध्यात एक खडक होता. उन्हाळ्यात त्याच्याभोवती तिची टरबुजांची वाडी असे. ती पोहत गेली आणि खडकावर उभी राहिली. पाणी छातीला लागत होते. काठावर सगळा गाव जमला. देशमुख सज्जात आले.

“कोण आहे ती? बाहेर काढा तिला.”

कारभारी म्हणाले, “सरकार, एवढ्या पाण्यात पोहणारे सगळे भोईच आहेत.”

“मग त्यांना सांगा.”

“सांगितलं. ते म्हणतात, आज पाणी फार आहे.”

ठकूबाईने वाड्याकडे पाहिलेही नाही. ती नदीशी बोलली. नदीनेही उत्तर दिले, असे सांगतात.

“बाई, माझ्या जागेवर उभी आहेस तू. सरक.”

“जागा माझी आहे, ठकू.”

“पावसाळ्यात तुझी. मग आमची. माझ्या आजीच्या आजीपासून असंच आहे.”

“मी देशमुखांना वचन दिलंय.”

“देताना मला विचारलंस? आणि एक सांग. पाऊस पडतो चार महिने. मग हे बाकीचं पाणी तू आणतेस कुठनं?”

तेवढ्यात देशमुखांच्या वाड्यातली पाणक्याची बायको रिकामी घागर घेऊन धावत काठावर आली. वाड्यातल्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. मग एकेकाला आपापली विहीर आठवली. पंधरवडाभर प्रत्येकाचा दोर कमी पडत होता आणि प्रत्येकजण दोर विकणाऱ्याला शिव्या देत होता. डोंगर पावसाळ्यात पाणी पितो आणि वर्षभर थोडे थोडे सोडतो; विहिरी, झरे आणि नदीची हिवाळी धार त्याच्यावरच जगतात. काठोकाठ दिसण्यासाठी नदीने ती सगळी पुंजी एकदम ओढून घेतली होती.

“वचन मोडलं तर पाप लागतं,” नदी हळूच म्हणाली.

“मोड. पाप मी घेते. पण आज मोड. माझ्या बियांना उद्या नाही.”

“घेतेस तर ऐक. पहिल्या पुराला वाळूत जे राहील ते माझं. त्यासाठी कुणी रडायचं नाही. आणि पुराच्या नादात मला कशाचं भान राहत नाही. दर साली तुमच्यातल्या बाईनं येऊन मला सांगायचं. हात जोडून सांगू नका. हात जोडले की मी भलतंच कबूल करते.”

पाणी छातीवरून कमरेला आले, कमरेवरून गुडघ्याला. सूर्य कलला तेव्हा खडकाभोवती वाळू उघडी पडली होती. ठकूबाईने हातांनीच चर उकरला आणि बी लावले. देशमुखांनी पुढे सज्जा विटांनी बुजवला, म्हणे. कारभाराचे काही अडले नाही.

पाप मात्र फिटायचे होते. त्या वर्षी मृगाआधीच पूर आला. ठकूबाईचे खोपट आणि निम्मी वाडी डोळ्यांदेखत गेली. पिकलेली टरबुजे एकामागून एक वाहत चालली होती. मुली रडू लागल्या तशी तिने त्यांची तोंडे दाबली आणि स्वतः शेवटचे फळ दिसेनासे होईपर्यंत ताठ उभी राहिली.

आजही पहिल्या पुरात वाडी गेली तर भोईवाड्यात कोणी रडत नाही. आजही देवदिवाळीला सगळ्यांत थोरली बाई गुडघाभर पाण्यात उतरते, कमरेवर हात ठेवते आणि म्हणते, “बाई, आवर. बी भिजलंय.” कधी पाऊस रेंगाळतो, पात्र भरलेले असते, शहरातून आलेले शहाणे काठावरून सांगतात की आधी पाणी उतरू द्या, मग बी भिजवा. वाळखेड्यात ते कोणी ऐकत नाही. तिथे आधी बी भिजते, मग नदीला सांगितले जाते.