अस्वलाच्या खिडकीखालची गाडी

जनावरं मोटारी चालवायची त्या काळची गोष्ट. घाटात मुंगसाच्या गाडीचं इंजिन तापून धूर निघाला. त्यानं पिल्लांना कसंबसं बाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी ती बनवणाऱ्या कारखान्यात नेली.

मालक अस्वल म्हणालं, "मुंगूसराव, दोष आम्हाला ठाऊक आहे. पण शंभर गाड्या पेटल्याशिवाय सगळ्या परत बोलवायच्या नाहीत, असा नियम आहे. सध्या साठच पेटल्यात. तोवर लिंबू-मिरची बांधा."

"बरं," मुंगूस म्हणालं. त्यानं गाडी अस्वलाच्या खिडकीखाली लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि लांब झाडाखाली जाऊन बसलं.

बॉनेटमधून धूर येऊ लागला, तसं अस्वलानं चष्मा लावून नियम पुन्हा वाचला. साठ गाड्या पुरतात, असं त्याला आढळलं.