जहाजापुढच्या होड्या

समुद्रकाठच्या एका राज्यात साळू नावाची एक सुतारीण राहत होती. तिचे वडील खरी जहाजं बांधायचे. साळू त्याच जहाजांच्या छोट्या प्रतिकृती बनवायची. तिचं जहाज ओंजळीत मावायचं, पण त्याचं सुकाणू वळायचं, शिडं वरखाली व्हायची आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या कड्यांतून दोऱ्या सरकायच्या. खऱ्या जहाजावर जे होतं, ते तिच्या जहाजावर असायचंच.

एके दिवशी राजानं तिला बोलावलं.

"साळूबाई, माझ्या आजोबांच्या 'जयमंगला' जहाजानं शत्रूचं आरमार पळवून लावलं आणि हे राज्य वाचलं. आता त्या जहाजाची एक फळीसुद्धा उरलेली नाही. दरबारात ठेवायला मला त्याची प्रतिकृती हवी. लढाईच्या दिवशी जहाज जसं होतं, अगदी तसं बनव."

साळू कामाला लागली. जहाजाची लांबी-रुंदी तिला वडिलांनी जपलेल्या घराण्याच्या जुन्या मापांवरून मिळाली. पण लढाईच्या दिवशी ते कसं दिसत होतं, हे कोण सांगणार? विचारत विचारत ती कोळीवाड्यात पोहोचली. तिथं पोशा नाखवा भेटला. खूप म्हातारा झाला होता, पण ती लढाई त्यानं स्वतः पाहिली होती.

"त्या दिवशी वाराच पडला होता गं पोरी," नाखवा म्हणाला. "जयमंगला जागची हलेना. शिडं ओल्या लुगड्यासारखी लोंबत होती आणि शत्रू तोफा रोखून समोर. तेव्हा आमच्या कोळीवाड्यानं होड्या काढल्या. जहाजाला दोर बांधले आणि वल्ही मारत आम्ही ते ओढत नेलं. मी तेव्हा मिसरूड न फुटलेला. बापाच्या शेजारी बसून वल्हवत होतो."

साळूनं बाकीच्या म्हाताऱ्यांनाही विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. मग तिनं तसंच जहाज घडवलं. सैल पडलेली शिडं, पुढे ओळीनं कोळ्यांच्या होड्या, होड्यांत वाकलेली माणसं आणि केसासारखे बारीक, ताणलेले दोर.

दरबारात तिनं वरचं कापड बाजूला केलं, तेव्हा लोक माना उंचावून पाहू लागले. राजाही खूश झाला. मग त्याची नजर पुढच्या होड्यांवर गेली.

"हे काय? माझ्या आजोबांचं जहाज आणि कोळ्यांनी ओढत नेलं? काढून टाक या होड्या. दोर काप आणि शिडांत वारा भर. मग तुला राज्याची मुख्य कारागीर करतो."

एका सेवकानं साळूच्या हातात कात्री दिली. एवढा मोठा मान तिच्या घराण्यात कुणालाच मिळाला नव्हता. आणि राजाला नाही म्हटलं, तर पुन्हा कधी काम मिळेल की नाही, कोण जाणे.

तिनं कात्री खाली ठेवली.

"महाराज, लढाईच्या दिवशी होतं तसं बनव, असं आपणच म्हणाला होतात. त्या दिवशी जहाज या माणसांनी ओढलं. आपण सगळे त्यांच्यामुळे इथं आहोत. हे दोर माझ्या हातून कापले जाणार नाहीत."

राजाचा चेहरा लाल झाला. "कोण म्हणतं असं? बोलवा त्याला!"

पोशा नाखव्याला आणलं. तो कुणाला मुजरा करायचंही विसरला. थेट जहाजाजवळ गेला आणि एका होडीवर बोट ठेवलं.

"हा माझा बाप," तो म्हणाला.

नाखव्यानं डोळे पुसले आणि तो राजाकडे वळला.

"महाराज, तुमचे आजोबा फार मोठा माणूस. गोळे सुरू झाले तसे ते ओरडले, दोर सोडा आणि माझ्या मागे या! आमच्या ओढीचा वेग होता तोवर सुकाणू फिरवून त्यांनी जहाज तोफांसमोर आडवं केलं, आमच्या होड्या आडोशाला घेतल्या आणि आपल्या तोफा डागल्या. मी आज जिवंत आहे तो त्यांच्यामुळे. संध्याकाळी ते अनवाणी कोळीवाड्यात आले, आमच्याबरोबर कालवण-भात जेवले. माझ्या बापाचे हात धरून म्हणाले, तुम्ही होतात म्हणून मी आहे."

आजोबांची ही गोष्ट राजाला कुणीच सांगितली नव्हती. तो सिंहासनावरून उतरला आणि त्यानं नाखव्याचे हात हातात घेतले.

"बाबा, मला लाज वाटत होती ती भलत्याच गोष्टीची. मी तुमच्यासाठी काय करू?"

"मला आता काय हवं? पण वादळात आमच्या होड्यांना किल्ल्याच्या खाडीत येऊ द्या. तुमच्या आजोबांच्या वेळी येत होतो. नंतर पहारेकऱ्यांनी वाट बंद केली."

त्याच दिवशी खाडी खुली झाली. जहाज होड्यांसकट दरबारात बसलं आणि साळू मुख्य कारागीर झाली.

पुढे समुद्र खवळला. कोळीवाड्यातल्या सगळ्या होड्या खाडीच्या आडोशाला शिरल्या आणि सगळी माणसं सुखरूप घरी आली. सकाळी एक कोळीण ताज्या माशांची पाटी घेऊन साळूच्या दारात उभी राहिली.

"बाई, तुझ्यामुळे माझा घरधनी परत आला."

"अगं, होड्यांचं मला कुठं काय ठाऊक होतं? पोशाबाबांनी सांगितलं म्हणून कळलं, आणि खाडीही त्यांनीच मागून घेतली," साळू म्हणाली. "चल, आधी त्यांच्याकडे जाऊ."

आणि दोघी मिळून पाटी घेऊन नाखव्याच्या घराकडे निघाल्या.

तात्पर्य इतकंच: आपल्याला मिळालेल्या यशात कुणाकुणाचे हात लागले ते मोकळेपणानं सांगावं; त्यानं आपण लहान होत नाही, उलट सगळेच मोठे होतात.