माती खाणारी गाय

“माझं कुणी खरं मानतच नाही!” असं म्हणत एकदा एक बाई आपल्या गुरूच्या गोठ्यात येऊन उभी राहिली. गुरू म्हणजे गुरांची औषधं जाणणारा एक म्हातारा. हौसा त्याच्याकडे ती विद्या शिकत होती.

“काय मानत नाहीत, हौसे?”

“ठकूनंच माझ्या नवऱ्याला नादी लावलं. घरी तोंडातून शब्द नाही, आणि तिच्या गुत्त्यावर दिवसभर ठाण मांडून. सवत आहे ती माझी, आबा! आज तिची भट्टी फोडते.”

“फोड. आधी ही गाय बघ.”

गाय भिंतीची माती खाई, म्हणून मालकानं तिच्या तोंडाला मुसकं बांधून आणली होती. आबांनी ते सोडून टाकलं. गाय तडक भिंतीकडे निघाली.

“अहो आबा, माती खाऊन पोट फुगलंय तिचं!” हौसा म्हणाली.

आबांनी खड्या मिठाचा गोळा पुढे ठेवला. गायीनं हुंगलं, आणि भिंत सोडून ती मीठच चाटू लागली.

“अंगात मीठ कमी पडलं, म्हणून ती मातीला लागली,” आबा म्हणाले. “आता मातीनं पोटही बिघडलं. दोन दुखणी, एकमेकांना धरून बसलेली. औषध दोन्हींना हवं. मुसक्यानं एकही बरं होत नाही. तुझा नवरा दारूच्या आधी कसा होता?”

हौसा निघाली, ती थेट गुत्त्यावर.

“आलीस भांडायला?” ठकू म्हणाली. “ने तुझं रत्न! माझ्याशी गुलुगुलु बोलतो वाटलं होय तुला? भिंतीकडे तोंड करून पितो. दोन पेले झाले की म्हणतो, विहिरीतल्या हाका थांबल्या.”

“हे तुला सांगितलं त्यानं?” हौसा तरातरा भट्टीकडे वळली. पण भट्टीला हात न लावता तिनं नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी दोन्ही दुखण्यांवर औषध लिहिलं. मग विचारलं, “हाका ऐकू येतात, हे घरी कधी सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं. दारूला शिवलोही नव्हतो तेव्हा. तिनं खरं मानलं नाही. पाणवठ्यावर सगळ्या बायकांना सांगून हसली.”

“कोण हसली?”

त्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनंच पुढे होऊन सांगितलं, “हौसा.”