तळाची खिडकी

संगणक सुरू होईपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा, त्या काळची गोष्ट. प्रोग्राम लिहिणाऱ्या शर्वाणीच्या पडद्यावर दोन खिडक्या राहत. वरची मोठी खिडकी प्रोग्राम दाखवायची आणि तळाची धाकटी त्यातल्या चुका, लाल अक्षरांत. धरणाचं पाणी सुटलं की वाडीतला भोंगा वाजवायचा, असा तो प्रोग्राम होता.

"सारखी काय गं कुरकुर तुझी? सरक खाली," मोठी म्हणाली.

"ताई, सत्तराव्या ओळीत चूक आहे. भोंगा वाजणार नाही. तेवढं शर्वाणीला दिसू दे."

"दिसेल गं, आधी माझं होऊ दे."

रोज थोडं थोडं रेटत मोठीने तिला पडद्याच्या कडेला चिरडलं. धाकटीची नुसती रेघ उरली. रेघेत अक्षरं मावतात कुठे?

"इथे खाली एक खिडकी होती ना?" एकदा शर्वाणी पुटपुटली. धाकटीचा जीव भांड्यात पडला. शर्वाणीने अक्षरं लहान केली, संगणक बंद करून पुन्हा लावला. पण त्याने ती चिरडलेली मांडणीच लक्षात ठेवली होती.

"जाऊ दे. लाल काही दिसत नाही, म्हणजे चूक नसणार," म्हणत तिने प्रोग्राम धरणावर धाडला.

पावसाळ्यात पाणी सुटलं. भोंगा वाजला नाही. वाडीतली सात माणसं वाहून गेली.

दुसऱ्या दिवशी शर्वाणीने लक्षात ठेवलेली मांडणी पुसून सगळं पहिल्यासारखं केलं. धाकटीला अर्धा पडदा मिळाला.

"बोल ना गं," मोठी हळूच म्हणाली.

धाकटीकडे सांगायला अजूनही तेवढंच होतं. सत्तराव्या ओळीत चूक आहे.