शेगडी तापेना, झुबकीला घास मिळेना

एक होती खार. एवढीशी! मुठीत मावेल एवढी. शेपूट मात्र तिच्याहून मोठं, झुबकेदार. म्हणून तिचं नाव झुबकी.

झुबकी राहायची शेवग्याच्या झाडावर. झाडाची एक फांदी थेट कुंदामावशीच्या खिडकीला टेकलेली. आणि खिडकीच्या आत काय? स्वयंपाकघर!

कुंदामावशी रोज सकाळी मऊभात करायची. भाताला वाफ यायची. फुस्स फुस्स! मावशी त्यात तूप घालायची, मीठ घालायची. आणि स्वतः खायच्या आधी पहिला घास खिडकीत ठेवायची.

"ये गं झुबके, तुझा घास!"

की झुबकी आलीच. तुरुतुरु तुरुतुरु टुप्प! दोन हातांत घास धरायचा आणि मटामटा खायचा. रोजचं ठरलेलंच होतं ते.

एके दिवशी काय झालं?

झुबकी आली. तुरुतुरु तुरुतुरु टुप्प! खिडकीत बघते तर काय, घास नाही! इकडे बघितलं, नाही. तिकडे बघितलं, नाही. स्वतःच्या शेपटीखाली बघितलं, तिथेही नाही! आता शेपटीखाली कुठून येणार घास? पण भूक लागली की असंच होतं.

झुबकीच्या पोटात कावळे ओरडायला लागले. खारीच्या पोटात कावळे, बोला!

आत कुंदामावशी कमरेवर हात ठेवून उभी. समोर तिची विजेची शेगडी. इंडक्शन म्हणतात ना, तीच. काळी, चपटी, गुळगुळीत. मावशीने बटण दाबलं. टीं टीं टीं! शेगडी बंद. पुन्हा दाबलं. टीं टीं टीं! पुन्हा बंद. मावशीने भांडं बदलून पाहिलं. शेगडीला एक चापट मारून पाहिली. मग काय केलं असेल? खाली वाकली आणि फू फू फुंकर घातली! अगं मावशी, ती काय चूल आहे?

"मावशी, मावशी, माझा घास दे ना गं!"

"कुठून देऊ गं राणी? शेगडी तापत नाही, भात शिजत नाही. तांदूळ बघ कसे पाण्यात बुडून बसलेत!"

झुबकीला रडूच आलं. पोट एवढंसं, पण रिकामं झालं की केवढं मोठं वाटतं! मग तिने डोळे पुसले. शेपूट झटकलं. "मीच जाते आणि शेगडीला सांगते," म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु टुप्प! झुबकी गेली शेगडीकडे.

"शेगडीताई, शेगडीताई, ताप ना गं!
भात शिजेना,
झुबकीला घास मिळेना!"

शेगडी म्हणाली, "टीं टीं टीं! नाही गं बाई नाही, मी नाही तापणार! माझ्या पोटात एक पंखा आहे. तो मला गार ठेवतो. तो फिरतच नाही. पंख्याशिवाय तापले तर मी जळूनच जाईन! आधी पंख्याला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु टुप्प! झुबकी शेगडीखाली शिरली. तिथे होती जाळी. जाळीच्या आत होता पंखा. छोटासा, गोल.

"पंखेदादा, पंखेदादा, फिर ना रे!
शेगडी तापेना,
भात शिजेना,
झुबकीला घास मिळेना!"

पंखा म्हणाला, "घुं घुं खट्ट! नाही गं बाई नाही, मी नाही फिरणार! माझ्या नाकात धूळ, माझ्या कानात धूळ. धूळ चिकटली, मी अडकलो. आ... आ... आक्छी! आधी ब्रशाला सांग."

ब्रश कुठे होता? दारात एक पिशवी होती, त्या पिशवीत होता. पिशवी कुणाची? लहूकाकांची. बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतात ना, ते लहूकाका. मावशीनेच त्यांना बोलावलं होतं.

तुरुतुरु तुरुतुरु टुप्प! झुबकी शिरली पिशवीत. ब्रश आपला लोळत पडला होता.

"ब्रशभाऊ, ब्रशभाऊ, झाड ना रे!
पंखा फिरेना,
शेगडी तापेना,
भात शिजेना,
झुबकीला घास मिळेना!"

ब्रश म्हणाला, "फर्र फर्र! नाही गं बाई नाही, मी नाही झाडणार! मला कुठे हात आहेत? मला कुठे पाय आहेत? शेगडी उघडायची कुणी? मला धरायचं कुणी? आधी लहूकाकांना सांग."

लहूकाका तिथेच स्टुलावर बसले होते. पण कसे? हाताची घडी घालून. मोठ्ठी जांभई देत. आऽऽऽ!

तुरुतुरु तुरुतुरु टुप्प! झुबकी चढली त्यांच्या गुडघ्यावर.

"लहूकाका, लहूकाका, उठा ना हो!
ब्रश झाडेना,
पंखा फिरेना,
शेगडी तापेना,
भात शिजेना,
झुबकीला घास मिळेना!"

लहूकाका म्हणाले, "आऽऽऽ! नाही गं बाई नाही, मी नाही उठणार! माझा सकाळचा चहा व्हायचाय. कुणाच्या घरी गेलो की आधी चहा, मग काम. चहा पोटात गेल्याशिवाय माझा हातच चालत नाही बघ. आणि इथली शेगडी तर बंद! आधी शेजारच्या सिंधूकाकूला सांग."

घ्या! आता शेजारी जा.

तुरुतुरु तुरुतुरु टुप्प! झुबकी गेली सिंधूकाकूच्या खिडकीत. काकू आलं किसत होती. खर्र खर्र खर्र!

"सिंधूकाकू, सिंधूकाकू, चहा दे ना गं!
काका उठेनात,
ब्रश झाडेना,
पंखा फिरेना,
शेगडी तापेना,
भात शिजेना,
झुबकीला घास मिळेना!"

काकू म्हणाली, "खर्र खर्र! नाही गं बाई नाही, मी नाही चहा देणार! अगं, देऊ कशी? माझं चहाचं पातेलं कुंदामावशीकडे राहिलंय. त्यातून मी तिला कढी पाठवली होती. दुसऱ्या पातेल्यात माझा चहा जमत नाही मेला! आधी पातेल्याला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु टुप्प! झुबकी परत मावशीच्या घरी. पातेलं ओट्यावर बसलं होतं. घासलेलं, पुसलेलं, लखलखीत. आणि अस्सं फुगलेलं!

"पातेलेबुवा, पातेलेबुवा, घरी जा ना हो!
काकू चहा देईना,
काका उठेनात,
ब्रश झाडेना,
पंखा फिरेना,
शेगडी तापेना,
भात शिजेना,
झुबकीला घास मिळेना!"

पातेलं म्हणालं, "ठण ठण! नाही गं बाई नाही, मी नाही जाणार! मी आलो कढी घेऊन, आणि जाऊ रिकामा? शेजारचं भांडं कधी रिकामं परत करतात का? लोक काय म्हणतील! मावशी माझ्यात भात घालणार, मग मी मिरवत घरी जाणार. आधी मावशीला सांग."

झुबकी धावत गेली मावशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु टुप्प!

"मावशी, मावशी, पातेल्यात भात घाल ना गं!"

"अगं माझे बाई, कुठून घालू? शेगडी कुठे तापतेय!"

झाली का पंचाईत! भातासाठी शेगडी, आणि शेगडीसाठी भात! फिरून फिरून झुबकी पुन्हा तिथेच.

झुबकी खिडकीत बसली. शेपूट पोटाशी घेतलं. पाय दुखत होते. घसा कोरडा पडला होता. पोटातले कावळेसुद्धा ओरडून ओरडून दमले. हळूच म्हणाली,

"पातेलं जाईना,
काकू चहा देईना,
काका उठेनात,
ब्रश झाडेना,
पंखा फिरेना,
शेगडी तापेना,
भात शिजेना,
झुबकीला घास मिळेना!"



झुबकी विचार करत बसली. पातेलं का जात नाही? रिकामं आहे म्हणून. मग रिकामं नसलं तर?

ती ताडकन उठली. तुरुतुरु तुरुतुरु झाडावर! सरसर सरसर ढोलीत! पाला बाजूला केला. खालून काढला एक शेंगदाणा. एकच. लाल सालीचा, टपोरा. पावसापाण्यात लागेल म्हणून जपून ठेवलेला.

दाणा तोंडात धरून ती खिडकीत आली. मग हातात घेतला. हुंगला. अहाहा, काय वास! पोट म्हणालं, "खा." दात म्हणाले, "खा." जीभ म्हणाली, "खा गं खा!"

तू काय केलं असतंस?

झुबकीने डोळे घट्ट मिटले. हात लांब केले. आणि दाणा टाकला पातेल्यात.

टण्ण!

पातेल्याने आत वाकून बघितलं. "अगंबाई, दाणा! म्हणजे मी आता रिकामा नाही! मी भरलेला आहे!"

मग काय विचारता!

पातेलं निघालं. ठणठण ठणठण! दाणा आत उड्या मारतोय. टण टण टण!

काकूने पातेलं बघितलं, दाणा बघितला. "अगं, कोण हे गुणाचं!" म्हणाली. दाणा अलगद वाटीत काढून ठेवला. चहा टाकला. आलं घातलं. खळखळ खळखळ!

लहूकाकांनी चहा बशीत ओतला. फुर्र फुर्र फुर्र! कप संपला. "आत्ता कसं!" म्हणत काका उठले. आधी बटण बंद केलं. भिंतीतली वायर काढली. शेगडी पालथी घातली. स्क्रू फिरवले, किर्र किर्र किर्र! शेगडी उघडली.

ब्रश लागला झाडायला. फर्र फर्र! केवढी ती धूळ! मावशी शिंकली, काका शिंकले, झुबकीसुद्धा शिंकली. आक्छी! आक्छी! पिच्छी!

काकांनी शेगडीचे स्क्रू पुन्हा आवळले, तिला सुलटी ठेवली. वायर लावली. बटण दाबलं.

पंखा लागला फिरायला. घुंऽऽऽ घुंऽऽऽ! कुठे खट्ट नाही, कुठे बिट्ट नाही.

शेगडी तापली. एकदाही टीं टीं केलं नाही शहाणीने.

तांदूळ पाण्यात नाचायला लागले. रटरट रटरट! भात शिजला. फुस्स फुस्स! मावशीने तूप घातलं, मीठ घातलं. घरभर घमघमाट! काकूही आली वास घेत घेत.

मावशीने चमच्यात पहिला घास घेतला. फुंकर घातली. आता घातली ती बरोब्बर घातली! आणि म्हणाली, "पहिला घास कुणाचा?"

शेगडी म्हणाली, "माझा! मी तापले ना!"

पंखा म्हणाला, "वा गं वा! मी फिरलो म्हणून तू तापलीस."

ब्रश म्हणाला, "मी झाडलं म्हणून तू फिरलास."

लहूकाका म्हणाले, "अरे, मी उठलो म्हणून तू झाडलंस."

सिंधूकाकू म्हणाली, "आणि मी चहा दिला म्हणून तुम्ही उठलात."

पातेलं म्हणालं, "आणि मी घरी गेलो म्हणून तू चहा दिलास."

मावशी म्हणाली, "हो का पातेलेबुवा? आणि तुम्ही घरी कसे गेलात?"

पातेलं हळूच म्हणालं, "दाणा होता ना माझ्यात. म्हणून गेलो."

"तो दाणा कुणाचा?"

सगळ्यांनी वळून खिडकीत बघितलं. तिथे एवढीशी झुबकी बसली होती. उपाशी. शेपूट पोटाशी घेऊन.

आणि सगळे एका सुरात ओरडले,

"झुबकीचा!"

"मग पहिला घास कुणाचा?"

"झुबकीचा! झुबकीचा! झुबकीचा!"

मावशीने घास खिडकीत ठेवला. मऊ मऊ, गरम गरम, वर तुपाची धार. झुबकीने तो दोन हातांत धरला. मट मट मट! मावशीने दुसरा घास ठेवला. मट मट मट! तिसरा ठेवला. मट... मट...

झुबकीचं पोट टम्म झालं. झुबकीला पेंग आली.

झुबकीचा घास झुबकीला मिळाला. आता राहिला कुणाचा? तुझा!

कर बघू, आऽऽऽ!