टिटवी आणि करंजाचं रोप

"गप बस की गं, मावशे! तीन दिवस झाले, माझ्या डोक्यावर घिरट्या घालून नुसती किंचाळते आहेस," करंजाचं रोप टिटवीवर खेकसलं.

झाडं आणि पाखरं तोंडावर भांडायची, त्या काळातली ही गोष्ट. गावातली पक्षी बघणारी मंडळी दर रविवारी माळावर यायची. उघड्या माळावर पाखरांना आसरा नाही म्हणून ती हळहळली आणि तीन दिवसांपूर्वी कुदळी घेऊनच आली. खड्डे खणले, रोपं लावली.

"तुझ्यासाठीच लावलंय मला," रोप ऐटीत म्हणालं. "मोठा झालो की बस माझ्या फांदीवर घरटं बांधून."

"माझे पाय बघ. फांदी धरायची बोटंच देवाने मला दिली नाहीत. माझ्या आईनेही इथेच, दगडगोट्यांत संसार केला."

"दगडगोट्यांत? घर ना दार! अगं, किती चांगल्या मनाने आली होती माणसं. तुला कुणाचं चांगलं म्हणून बघवत नाही."

"मन चांगलंच होतं रे. मी जीव तोडून ओरडत होते, तर म्हणाली, पाखरू किती खूश झालंय बघा!"

"मग तुझं बिघडलं तरी काय?"

टिटवी खाली उतरली. रोपाच्या आळ्यातल्या ओल्या मातीकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"खड्यांसारखी दिसणारी माझी चार अंडी तुझ्या मुळांखाली पुरली गेलीत, लेकरा, आता निदान तू तरी जग."